कूपन नीट वाचून खेळलो म्हणून कॅसिनोने आम्हाला बाहेर काढलं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, आम्ही पत्ते मोजत नव्हतो. कॅसिनोने बंदी घातली म्हटलं की सगळ्यांना पहिलं तेच वाटतं, माझ्या सख्ख्या भावाने पण फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला की "ताई, काउंटिंग करत होतीस का?" पत्ते मोजणं, म्हणजे कुठले पत्ते येऊन गेले ते लक्षात ठेवून त्याप्रमाणे पैसे लावणं, हा वेगळा प्रकार आहे, त्याला महिनोन्‌महिने सराव लागतो आणि मागे मोठा पैसा लागतो. आम्ही काय करायचो तर कॅसिनोने स्वतः पोस्टाने पाठवलेली कूपनं आणि स्वतः बोर्डावर लावलेल्या ऑफर नीट वाचायचो, घरी बसून हिशोब करायचो आणि जिथे आपल्या बाजूला फायदा निघतो तेवढंच खेळायचो, बाकी एक डॉलर नाही. तेवढ्यासाठी लास वेगासमधल्या एका कॅसिनोने मला आणि माझ्या नवऱ्याला कायमचं बाहेर काढलं. कॅसिनोचं नाव मी लिहिणार नाहीये, पण कसं कसं होत जातं ते सगळं लिहिते, कारण आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर निदान नवऱ्याचं नाव त्यात गेलं नसतं.

सुरुवात एका साध्या कूपन बुकने झाली. आम्ही वेगासपासून चार तासांच्या ड्राईव्हवर राहतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा प्लेअर्स क्लबचं, म्हणजे कॅसिनोच्या मेंबरशिपचं, कार्ड काढलं आणि काउंटरवरच्या बाईने दोघांना एकेक कूपन बुक दिलं, त्यात मॅच प्लेचं एक कूपन होतं. मॅच प्ले म्हणजे २५ डॉलरचं कूपन, ते आपल्या २५ डॉलरच्या चिप्सबरोबर लावायचं, जिंकलो तर २५ च्या जागी ५० मिळतात, हरलो तर आपले २५ च जातात, कूपन दोन्ही वेळी ते काढून घेतात. माझं काम अकाउंट्सचं, त्यामुळे मी तिथेच टिश्यू पेपरवर गणित मांडलं. क्रॅप्स हा फाशांचा खेळ, त्यात पास लाईन म्हणजे फासे टाकणाऱ्याच्या बाजूने लावलेली बेट आणि डोंट पास त्याच्या विरुद्ध. पास लाईन साधारण ४९.३ टक्के वेळा जिंकते, म्हणजे या एका कूपनची किंमत १२ डॉलरच्या आसपास निघते. आणि आमच्याकडे कूपनं दोन. मग नवऱ्याने पास लाईनवर लावलं आणि मी डोंट पासवर, म्हणजे एकाच फाशांवर एकमेकांच्या विरुद्ध. कोणीही जिंकलं तरी घरात ५० येणार आणि २५ जाणार, फक्त पहिल्याच फेकीला १२ आला तरच गडबड, कारण त्यात पास हरतो आणि डोंट पासला काहीच मिळत नाही. १२ आला नाही, दहा मिनिटांत २५ डॉलर घेऊन आम्ही उठलो. नियमांत असं करायला कुठेही मनाई नव्हती, मी कूपनच्या मागची बारीक अक्षरं दोनदा वाचली होती.

तिथून मला या विषयाची गोडी लागली, खरंच लागली. जुगाराची नाही. जुगारात दीर्घकाळात कॅसिनोच जिंकतो हे गणितच आहे, त्यामुळे ऑफरशिवाय खेळायची मला कधी इच्छाच झाली नाही. पण कॅसिनोला गर्दी खेचायला ऑफर द्याव्या लागतात आणि ती ऑफर अधूनमधून इतकी उदार असते की काटा आपल्या बाजूला झुकतो, तो क्षण शोधायचा ह्यात मला मजा येते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही व्हिडिओ पोकरला दिला. हे मशीन स्लॉटसारखं दिसतं पण फरक मोठा आहे, स्लॉटचं गणित बाहेरून दिसत नाही आणि व्हिडिओ पोकरचं पे टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्यांना किती पैसे ते, समोर स्क्रीनवर लिहिलेलं असतं. जॅक्स ऑर बेटर नावाच्या प्रकारात फुल हाऊसला (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) ९ आणि फ्लशला (पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक असे) ६ मिळत असतील तर त्याला नाइन-सिक्स मशीन म्हणतात, त्यावर एकही चूक न करता खेळलं तर १०० डॉलरमागे सरासरी ९९.५४ परत येतात. शेजारच्याच मशीनवर ८ आणि ५ असतं, दिसायला अगदी तेच, आणि परतावा ९७.३ वर येतो. बहुतेक लोक बघतच नाहीत, जे रिकामं दिसेल तिथे बसतात. मी घरी सॉफ्टवेअरवर तीन महिने प्रॅक्टिस केली, कुठला पत्ता धरायचा आणि कुठला टाकायचा ते डोळे मिटून येईपर्यंत. हे घरीच करायचं हां, नेवाडात १९८५ पासून कायदा आहे की खेळताना गणित करून देणारं कुठलंही यंत्र वापरणं हा गुन्हा, फोनवर ॲप उघडून बसलात तर प्रकरण बंदीवर थांबणार नाही. डोक्यात असेल ते मात्र तुमचं.

तर नाइन-सिक्सवर कॅसिनोचा फायदा ०.४६ टक्के. त्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरवर पॉइंट्सच्या रूपाने ०.१ टक्का परत मिळायचा. महिन्यातून दोन दिवस पॉइंट्स दहापट, म्हणजे १ टक्का. आता वजाबाकी करा, त्या दोन दिवशी फायदा आपल्याकडे ०.५४ टक्के. चार आण्यांच्या म्हणजे २५ सेंटच्या मशीनवर पाच कॉइन लावून तासाला ६०० हात खेळलं तर ७५० डॉलर मशीनमधून फिरतात आणि त्यातून तासाला सरासरी चार डॉलर सुटतात. चार डॉलर! एवढ्याचसाठी कोणी चार तास गाडी चालवत नाही. खरी कमाई वेगळीच होती, ती म्हणजे मशीनमधून इतके पैसे फिरताना बघून कॅसिनोचं मार्केटिंग आपल्याला मोठा गिऱ्हाईक समजतं आणि घरी पाकिटं यायला लागतात. आठवड्याला ४० डॉलरचं फ्री प्ले म्हणजे मशीनवर खेळायला फुकट रक्कम, दोन रात्री रूम फुकट, परत मॅच प्लेची कूपनं, आणि नवऱ्याच्या नावाने सेम पाकीट वेगळं. फ्री प्ले पण नाइन-सिक्सवरच एकदा फिरवायचं आणि जे येईल ते कॅश करून घ्यायचं.

अशी आठ महिने मजेत गेली. मधे एकदा मला रॉयल फ्लश म्हणजे सगळ्यात मोठा हात लागला, चार हजार कॉइन म्हणजे १,००० डॉलर, तेव्हा १,२०० पासून टॅक्सचा फॉर्म भरावा लागायचा म्हणून तोही नाही भरावा लागला. मशीनवरचा दिवा लागला तेव्हा होस्ट, म्हणजे मोठ्या गिऱ्हाईकांची बडदास्त ठेवणारा कॅसिनोचा माणूस, स्वतः येऊन अभिनंदन करून गेला. त्याच्याशी नंतर बोलणं व्हायचं, तो मुलांबद्दल विचारायचा, पुढच्या वेळी मला डायरेक्ट फोन करा म्हणायचा.

मग पाकीट यायचं बंद झालं. कोणी काही सांगत नाही, फक्त पोस्ट येत नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं पोस्टात गहाळ झालं असेल. दुसऱ्या आठवड्यात कॅसिनोतल्या कियॉस्कवर कार्ड टाकलं तर सध्या तुमच्यासाठी कोणतीही ऑफर उपलब्ध नाही असं आलं, नवऱ्याचंही तेच. काउंटरवर विचारलं तर ती मुलगी स्क्रीनकडे बघून जरा थांबली आणि म्हणाली "मॅडम, हे मार्केटिंग ठरवतं, आम्हाला दिसत नाही." होस्टला फोन केला, त्याने उचलला नाही आणि नंतर कधीच उचलला नाही. ह्याला तिकडचे खेळणारे नो मेल झालं म्हणतात. हे मला नंतर कळलं की बंदीची ही पहिली पायरी असते, आणि खरं सांगायचं तर ह्याबद्दल माझी तक्रार नाहीये. कूपन कोणाला पाठवायचं हा त्यांचा प्रश्न आहे, त्यांना परवडत नसेल तर त्यांनी पाठवू नये. मला जे खटकलं ते पुढे आहे.

दोन महिन्यांनी त्याच कॅसिनोच्या बाहेर मोठा बोर्ड लागला, दर मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ ब्लॅकजॅक लागला की दुप्पट पैसे, १० ला २०, बेट जास्तीत जास्त २५ डॉलर. पाकिटातली ऑफर नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्या खेळात पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची पण वर जाऊ द्यायची नाही, आणि पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा (किंवा चित्र) आलं की ब्लॅकजॅक, त्याचे नेहमी दीडपट मिळतात, १० ला १५. आजकाल बऱ्याच टेबलांवर १० ला १२ च देतात आणि लोक तिथेही बसतात, तो वेगळा विषय. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, त्यामुळे दीडपटीचं दुप्पट केलं की खेळणाऱ्याला जवळपास २.३ टक्क्यांचा फायदा मिळतो. बेसिक स्ट्रॅटेजीने, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर काय करायचं त्याच्या ठरलेल्या तक्त्याने, खेळलं तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडे पावणेदोन टक्क्यांहून थोडा जास्त. ऑफरवाल्यांनी हे गणित केलंच नसेल असं नाही, त्यांचा भरवसा ह्यावर असतो की लोक बारावर पत्ता घ्यायला घाबरतात, सोळावर थांबतात, मनाने खेळतात आणि नऊ वाजून गेले तरी उठत नाहीत.

आम्ही चार मंगळवार गेलो. २५ डॉलर प्रत्येक हाताला, कमी नाही जास्त नाही, सातला बसायचं आणि नऊला उठायचं. दोन तासांत माणशी १४० हात व्हायचे आणि सरासरी ६० डॉलर सुटायला हवेत, पण एवढ्या थोड्या हातांत सरासरी कुठे दिसते, तीनशे वर किंवा तीनशे खाली सहज जातं. पहिल्या मंगळवारी मी ३१० हरले. त्या दिवशी टेबलांवर लक्ष ठेवणारा फ्लोअरचा माणूस येऊन हसून बोलला, जेवणार का विचारलं. दुसऱ्या मंगळवारी थोडी जिंकले, तिसऱ्याला आम्ही दोघं मिळून ५०० च्या वर जिंकलो. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की फ्लोअरवाला फोनवर बोलताना सारखा आमच्या टेबलाकडे बघतोय. वर कॅमेऱ्यांच्या रूममध्ये माणसं बसलेली असतात आणि शंका आली की ते तुमचा मागचा तासभराचा खेळ परत लावून बघतात, प्रत्येक हात बरोबर खेळलात का ते तपासतात. आमचे सगळे हात बरोबरच असणार, कारण बेसिक स्ट्रॅटेजीचं कार्ड मी त्यांच्याच गिफ्ट शॉपमधून विकत घेतलं होतं, आणि ते टेबलावर समोर ठेवून खेळायला तिथे परवानगी आहे.

चौथ्या मंगळवारी साडेसात वाजले असतील. डीलर पत्ते वाटायच्या आधी मागून कोणीतरी त्याला थांब म्हणून खूण केली. सूट घातलेला एक माणूस माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, त्याच्या मागे सिक्युरिटीचे दोघं. तो आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तुमचा खेळ आमच्यासाठी जरा जास्तच चांगला आहे. आजपासून तुम्ही इथे खेळू शकत नाही." मी विचारलं फक्त ब्लॅकजॅक की सगळंच, कारण मी वाचलं होतं की बऱ्याचदा ते नुसतं टेबलावरून उठवतात, बाकी काही खेळा म्हणतात, किंवा एकच रक्कम लावून खेळा म्हणतात. तो म्हणाला सगळंच, आणि खिशातून एक छोटं कार्ड काढून वाचायला लागला की ही खाजगी जागा आहे, तुम्हाला इथून जायला सांगण्यात येत आहे, परत आलात तर अनधिकृत प्रवेश समजून अटक होऊ शकते. ह्याला ट्रेसपास वाचून दाखवणं म्हणतात. टेबलावरचे बाकीचे चौघं माझ्याकडे चोरी करताना पकडल्यासारखे बघत होते. माझ्या डाव्या हाताला एक आजोबा बसले होते, मघाशी त्यांनी वीस धरून त्याचे दोन दहा वेगळे केले होते आणि दोन्ही हरले होते, ते म्हणाले "हिने काय केलं?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

नवरा त्या दिवशी खेळतही नव्हता! त्याचं डोकं दुखत होतं म्हणून तो बाहेर लॉबीत बसला होता. सिक्युरिटीने त्याला तिथून उठवून आणलं आणि त्यालाही तेच कार्ड वाचून दाखवलं, कारण दोघांच्या क्लब कार्डवर घरचा पत्ता एकच. तो बिचारा मला विचारतोय "अगं, झालं काय?" आणि मला काही बोलता येईना. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आला आणि अजून आहे.

ओळखपत्र मागितलं, मी नाही म्हटलं. आमची नावं क्लब कार्डमुळे त्यांच्याकडे होतीच, पण मला अटक झालेली नव्हती आणि कुठल्या मागच्या खोलीत जायचीही माझी तयारी नव्हती, तसं मी स्पष्ट सांगितलं. तुमच्यावर कधी वेळ आली तर भांडू नका, धक्काबुक्की तर अजिबात नाही, शांतपणे चिप्स गोळा करा आणि केजवर (चिप्सचे पैसे देणाऱ्या खिडकीवर) बदलायची परवानगी मागा. चिप्स गैरमार्गाने मिळवलेल्या नसतील तर नेवाडातल्या नियमांप्रमाणे कॅसिनोला त्या बदलून द्याव्या लागतात. आमच्या ३७५ च्या चिप्स त्यांनी बदलून दिल्या, सिक्युरिटी पार्किंगपर्यंत आली, गाडीच्या नंबरचा फोटो काढला.

घरी येताना चार तास मी एकच गोष्ट विचार करत होते की हे कायद्याने चालतं का. चालतं. नेवाडात कॅसिनो ही खाजगी मालमत्ता मानतात आणि ते खेळात हुशार आहे एवढ्या कारणावरून कोणालाही बाहेर काढू शकतात. हुशारीने खेळणं हा गुन्हा नाही, फसवणूक नाही, राज्य सरकारची जी काळी यादी आहे तिच्यात अशा लोकांचं नाव जात नाही, तरीही बाहेर काढतात. न्यू जर्सीत मात्र तसं नाही. केन उस्टन म्हणून पत्ते मोजणारा खेळाडू होता, त्याला ॲटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स कॅसिनोने १९७९ मध्ये बाहेर काढलं, तो कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कॅसिनो आपल्या मनाने अशी बंदी घालू शकत नाही, तो अधिकार राज्याच्या कॅसिनो कमिशनचा. त्यामुळे तिथे ते लवकर लवकर पत्ते पिसतात, बेटची मर्यादा कमी करतात, पण माणसाला हाकलत नाहीत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. ऑफर परवडत नाही तर मर्यादा २५ वरून १० करा, बोर्ड काढून टाका, मला फक्त ऑफर नाही म्हणा. माणसाला दारात उभं करून गुन्हेगारासारखं कार्ड वाचून दाखवायची काय गरज?

आणि फोटो एका कॅसिनोपुरता राहतो असंही नाही. १९६७ पासून ग्रिफिन नावाची एजन्सी कॅसिनोंना चेहऱ्यांचं पुस्तक पुरवायची, त्यात फसवणारे आणि नुसते चांगले खेळणारे एकाच पुस्तकात. जेम्स ग्रोजीन आणि मायकल रूसो ह्या दोघा खेळाडूंनी बदनामीचा खटला जिंकला आणि २००५ मध्ये त्या एजन्सीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता पुस्तक नाही, पण एकाच मालकाचे अनेक कॅसिनो असतात आणि नाव सगळीकडे जातं. आमचं गेलं, त्याच कंपनीच्या दुसऱ्या ठिकाणी बुक केलेली रूम दोन दिवसांत कॅन्सल होऊन ईमेल आला.

मोठ्या लोकांचं वेगळं असतं. ॲटलांटिक सिटीत डॉन जॉन्सनने २०११ च्या आसपास काही महिन्यांत तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले, तोही पत्ते न मोजता. मंदीत गिऱ्हाईक कमी झालेलं, त्यामुळे त्याने बसायच्या आधीच अटी मागून घेतल्या, हरलो तर २० टक्के परत द्या, नियम असे ठेवा, आणि त्यांनी मान्य केल्या. माझ्या मते त्याने आणि आम्ही केलं ते एकच, ऑफर वाचली आणि हिशोब केला, फक्त त्याचा हात एक लाख डॉलरचा आणि माझा २५ चा.

राहिला पॉइंट्सचा प्रश्न. बंदीच्या दिवशी माझ्या कार्डवर ११८ डॉलरचे पॉइंट्स होते आणि नवऱ्याच्या ६४ चे, आधीच मिळवलेले. कॅसिनोला पत्र लिहिलं, उत्तर आलं की क्लबच्या नियमांप्रमाणे पॉइंट्स रद्द. मग मी नेवाडा गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे, म्हणजे कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, तक्रार केली. तिथे असं आहे की प्रमोशनवरून वाद झाला आणि रक्कम ५०० किंवा जास्त असेल तर कॅसिनोने स्वतःच बोर्डाला कळवायचं असतं, ५०० च्या आत असेल तर गिऱ्हाईकाला सांगायचं असतं की तुम्ही बोर्डाकडे जाऊ शकता. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी तारखा, कियॉस्कच्या पावत्या, क्लबचे आधीचे नियम सगळं फाईल करून पाठवलं (पावत्या टाकू नका, प्लीज). बोर्डाच्या एजंटचा फोन आला, माणूस नीट बोलला, बंदीबद्दल तो काही करू शकत नाही हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, पॉइंट्सबद्दल विचारतो म्हणाला. सहा आठवड्यांनी कॅसिनोकडून चेक आला, १८२ डॉलर, सोबत एक ओळ पण लिहिलेली नाही.

आम्ही अजून वेगासला जातो, दुसऱ्या मालकाच्या दोन ठिकाणी. आता नवरा आणि मी एकाच दिवशी कार्ड वापरत नाही आणि नऊला संपणाऱ्या ऑफरवर साडेआठलाच उठते. नवऱ्याने त्या कॅसिनोला वेगळं पत्र लिहिलं होतं की त्या दिवशी मी खेळतच नव्हतो, निदान माझी बंदी का ते तरी कळवा. त्याला आता सात महिने झाले, मधे एकदा रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवलं, पोच आली, उत्तर नाही.